मुलीला खाली एकच छिद्र दिसलं तर: काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने करायचं

लेबर रूममध्ये बाळ रडलं, वजन झालं, नाळ कापली, बाहेर फोनाफोनी सुरू झाली आणि या गडबडीत एक तपासणी राहून जाते, बाळाचे पाय वर करून उजेडात खालची जागा नीट बघायची. एक मिनिटाचं काम आहे. मी मुलांच्या सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे आणि आमच्याकडे अजूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट टम्म फुगलेली, हिरव्या उलट्या करणारी बाळं येतात आणि सोबतची आजी सांगते की अहो लंगोटाला शी लागत होती की, आम्हाला काय कळणार. खरंच कळत नाही, कारण आधी कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आई-बाबा, आजी, आशाताई आणि प्रसूतीच्या वॉर्डात नवीन लागलेल्या सिस्टर, सगळ्यांसाठी हे लिहितेय. मुख्य भर क्लोएकावर आहे, म्हणजे मुलीला शू, योनी आणि शी या तिन्हींसाठी मिळून बाहेर एकच छिद्र असणं. यात घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात करायची नाही हे घरच्यांना माहीत असलं तर बाळाचं खूप नुकसान टळतं.

बघायचं कसं

खोली गरम ठेवा, पंखा बंद, हात साबणाने धुवा, मोबाईलचा टॉर्च चालेल. बाळाला पाठीवर झोपवून दोन्ही गुडघे हलकेच पोटाकडे न्या आणि मुलगी असेल तर पुढचे ओठ बोटांनी जरासे बाजूला करा. मुलीला तीन छिद्रं दिसायला हवीत, पुढे शूचं बारीकसं, त्याच्या मागे योनीचं, आणि ओठांच्या बाहेर, मागे थोडं अंतर सोडून शीचं, ज्याच्याभोवती सुरकुत्या असतात. मुलाला दोन, शूचं पुढे आणि शीचं मागे. शूचं छिद्र नवजात मुलीत पटकन दिसत नाही, त्यामुळे शंका आली तर ताण न घेता डॉक्टरांना बोलवा आणि "डॉक्टर, तीनही छिद्रं मोजून दाखवा" असं स्पष्ट म्हणा, यात लाजण्यासारखं काही नाही.

आत काहीही घालू नका. थर्मामीटर नाही, करंगळी नाही, तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ नाही, साबणाची वडी तर मुळीच नाही, शी होत नाही म्हणून हे सगळे प्रकार अजून चालतात आणि आतली नाजूक भिंत फाटली तर जीवावर बेततं.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज हा की लंगोटाला शी लागली म्हणजे शीची जागा आहे. शी लागली हे पुरेसं नाही, ती कुठून आली ते बघायचं. क्लोएका असलेल्या मुलीत काळी-हिरवी पहिली शी त्या एकाच छिद्रातून शूबरोबर थोडी थोडी येऊ शकते. दुसरा एक प्रकार आहे ज्यात शू आणि योनी वेगळ्या असतात आणि शी योनीच्या अगदी तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून येते, मुलींमध्ये हा प्रकार क्लोएकापेक्षा जास्त दिसतो आणि त्याचं ऑपरेशनही वेगळं असतं. म्हणून छिद्रं मोजणं महत्त्वाचं, एकच आहे की वेगवेगळी आहेत यावरून पुढचा सगळा रस्ता बदलतो.

अजून एक गोष्ट. क्लोएकात बाहेरचा भाग कधी कधी लहान आणि वेगळा दिसतो, पुढे कातडीची घडी असते, मग कुणीतरी म्हणतं मुलगा की मुलगी कळत नाही आणि घरात रडारड सुरू होते. ही मुलगीच असते, बीजाशय साधारणपणे नीट असतात. ज्या डॉक्टरांनी क्लोएका बघितलेला आहे ते एक छिद्र बघून ओळखतात, त्यामुळे शंका आली की मुलांच्या सर्जनला दाखवणं हा सगळ्यात जवळचा रस्ता.

हे होतं कसं

हा भाग नातेवाईकांना मुद्दाम वाचून दाखवा कारण पहिला दोष बाळंतिणीवर येतो. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना आपल्या प्रत्येकाला क्लोएका असतो, मुलगा असो की मुलगी, आतड्याचं शेवटचं टोक आणि लघवीचा मार्ग एकाच पोकळीत उघडतात. मग वरून एक पडदा खाली उतरत येतो आणि सातव्या आठवड्यापर्यंत त्या पोकळीचे दोन भाग होतात, पुढचा लघवीच्या पिशवीसाठी आणि मागचा शीसाठी, आणि खालून जो पातळ पापुद्रा बंद असतो तो फुटून वाट मोकळी होते. त्यानंतर मुलीत वरून दोन नळ्या येऊन एकमेकींना जुळतात, त्यातून गर्भपिशवी आणि योनीचा वरचा भाग तयार होतो. विभागणीचं हे काम अर्धवट राहिलं तर तिन्ही मार्ग आत एका सामाईक नळीत येऊन मिळतात आणि बाहेर एकच तोंड दिसतं. त्या दोन नळ्या नीट न जुळल्याने क्लोएका असलेल्या बऱ्याच मुलींना गर्भपिशव्या दोन असतात, योनीत मधोमध पडदा असतो, हे पुढे पाळीच्या वेळी कामाला येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.

आता हा सातवा आठवडा म्हणजे गर्भधारणेपासून मोजलेला, डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात तो आकडा दोनने जास्त येतो. म्हणजे पाळी चुकून जेमतेम महिना-सव्वा महिना झालेला असतो, कित्येक बायकांची पहिली सोनोग्राफीही झालेली नसते, आणि तोवर हे घडून गेलेलं असतं. ग्रहण पाळलं नाही, विळीने भाजी चिरली, पपई खाल्ली, गाडीवरून फिरली, यातल्या कशानेही हे होत नाही. बहुतेक बाळांत एक ठराविक कारण सापडतच नाही. शीच्या जागेचे सगळे जन्मजात दोष मिळून साधारण ५ हजारात एका बाळाला असतात आणि क्लोएका त्यातला दुर्मिळ, साधारण ५० हजार बाळांत एक. त्यामुळे छोट्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकही बघितलेला नसणं सहज शक्य आहे, त्यांच्यावर चिडण्यापेक्षा वेळेत पुढे पाठवायला सांगा.

प्राण्यांचं म्हणाल तर बेडूक, पाली, साप, शार्क आणि सगळे पक्षी जन्मभर क्लोएकावरच जगतात, आणि सस्तन प्राण्यांत ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस. कोंबडीत आत तीन कप्पे असतात, एकात शी येते, दुसऱ्यात लघवीचे आणि अंड्याचे मार्ग उघडतात, तिसरा बाहेरच्या तोंडाशी, आणि कोंबडीच्या शिटेवर जो पांढरा भाग दिसतो ती तिची लघवीच असते. अंडं घालताना अंड्याच्या नळीचं टोक उलटं होऊन तोंडाबाहेर येतं म्हणून अंडं शी न लागता पडतं. म्हणजे तिथे ही पूर्ण आणि काम करणारी रचना आहे. मुलीत तसं नसतं. तिच्यात हे अर्धवट थांबलेलं काम आहे, कप्पे नाहीत, शी लघवीच्या वाटेत उतरते आणि जंतुसंसर्ग वर किडनीपर्यंत चढतो, तोंड अरुंद असलं तर लघवी बाहेर न पडता योनीत साठते. कोंबड्यांना असतं तर बाळालाही चालेल असं कुणी म्हणालं तर हा फरक सांगा.

पहिले दोन दिवस

इथे घाई करायची. बाळाला तोंडाने दूध देणं थांबवतात, सलाईन लावतात, नाकातून पोटात नळी घालून पोट रिकामं ठेवतात. आईने दूध काढत राहायचं, पुढे लागणार आहे. गावात असाल तर १०८ ला फोन करून मुलांचा सर्जन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलला न्या, मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल किंवा मुंबईत परळच्या वाडियासारखं मुलांचं हॉस्पिटल. जाताना बाळ आईच्या किंवा बाबांच्या छातीशी कातडीला कातडी लावून, डोक्यावर टोपी, वर शाल, थंडी वाजलेलं बाळ सर्जरीला टिकत नाही. बाळंतपणाचा कागद, व्हिटॅमिन के दिलं की नाही, शू झाली का, उलटी कुठल्या रंगाची, एवढं लिहून सोबत ठेवा.

तिथे गेल्यावर लगेच नवीन शीची जागा करतील अशी अपेक्षा असते आणि ती करत नाहीत म्हटल्यावर नातेवाईक भांडतात. तर आधी काय बघतात ते समजून घ्या. हृदयाची इको, अन्ननलिका नीट आहे का, किडन्यांची आणि पोटाची सोनोग्राफी, पाठीच्या मणक्यांचा एक्सरे आणि मज्जारज्जूची सोनोग्राफी, हात-पाय. हे दोष एकमेकांच्या सोबतीने येतात म्हणून सगळं बघायचं असतं. मज्जारज्जूची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांतच नीट होते, नंतर हाडं घट्ट झाल्यावर एमआरआय करावा लागतो, म्हणून डिस्चार्जच्या आधी ती झाली का हे आठवणीने विचारा, ही हमखास राहणारी तपासणी आहे.

आणि एक प्रश्न मी प्रत्येक आई-बाबांना पाठ करून ठेवायला सांगते, "योनी पाण्याने फुगली आहे का, आणि फुगली असेल तर त्यात नळी ठेवणार का?" फुगलेली योनी आजूबाजूला दाब देते, किडनीकडून येणाऱ्या नळ्या दाबल्या जातात आणि किडन्या सुजतात. नुसती शीची वाट काढून दिली आणि हे पाणी तसंच राहिलं तर बाळ सुधारत नाही, ताप येतो, आत पू होतो. क्लोएकात मुलीचं आयुष्य किडन्यांवर ठरतं, शीचं नंतर बघता येतं.

मग कोलोस्टॉमी करतात, म्हणजे मोठं आतडं पोटावर बाहेर काढून त्याची दोन वेगळी तोंडं ठेवतात, वरच्यातून शी येते आणि खालच्यातून फक्त चिकट स्राव. दोन तोंडं का, तर शी खालच्या भागात उतरून लघवीत जाऊ नये म्हणून, आणि पुढे खालच्या तोंडातून औषध सोडून आतला नकाशा बघता यावा म्हणून. "पोटाला भोक" हे ऐकून बाया कोसळतात, पण हे बहुतेक मुलींत तात्पुरतं असतं आणि याच्यामुळे बाळ लगेच दूध प्यायला लागतं, हे मी रोज बघते.

घरी कोलोस्टॉमी सांभाळायची

तोंड निरोगी असेल तर आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखं लाल आणि ओलसर दिसतं, पुसताना थेंबभर रक्त आलं तर घाबरू नका, तिथे दुखण्याच्या नसा नसतात त्यामुळे हात लावल्याने बाळाला दुखत नाही. कोमट पाणी आणि मऊ सुती फडकं बस, सुगंधी वाइप्स नको, तेल नको, पावडर नको कारण तेलकट कातडीवर पिशवी चिकटत नाही. पिशवीच्या चकतीला भोक तोंडाच्या मापापेक्षा अगदी थोडंसंच मोठं कापायचं, जास्त मोठं कापलं की मधल्या कातडीला शी लागून ती सोलवटते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, वजनाने ओढून निघते. बाळाच्या पिशव्या महाग असतात आणि तालुक्याला मिळत नाहीत, तर डिस्चार्जच्या आधी दोन-तीन आठवड्यांच्या घेऊन ठेवा, आणि अगदीच नसतील तर झिंक ऑक्साईडचा जाड थर लावून वर धुतलेल्या जुन्या सुती साडीची घडी बांधा, किती तरी मुली अशाच वाढल्यात. अंघोळ रोज घाला, पाणी आत जात नाही.

लगेच हॉस्पिटल कधी गाठायचं: तोंड काळं-जांभळं पडलं, आतडं लांब बाहेर आलं आणि आत जात नाही, हिरवी उलटी, पोट ताठ, शी बंद, किंवा सर्दी-खोकला नसताना ताप. शेवटच्यात लघवी तपासायलाच लावा. पॅरासिटामॉल देऊन दोन दिवस वाट बघणं या मुलींच्या बाबतीत चालत नाही.

मोठं ऑपरेशन

इथे मात्र घाई करायची नाही. मूल वाढू द्या, वजन येऊ द्या, बहुतेक ठिकाणी हे ऑपरेशन काही महिन्यांनी, वर्षाच्या आत करतात. त्याआधी दुर्बीण घालून सामाईक नळी किती लांब आहे ते मोजतात आणि खालच्या तोंडातून औषध सोडून एक्सरे काढतात. हा आकडा विचारून फाईलवर लिहून घ्या. ३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर बहुतेक वेळा मागच्या बाजूने ऑपरेशन होऊन जातं आणि शी-शूवरचा ताबा चांगला येण्याची शक्यता जास्त, ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर पोटही उघडावं लागू शकतं, योनीसाठी आतड्याचा तुकडा वापरावा लागू शकतो, आणि असं ऑपरेशन ज्यांनी बऱ्याचदा केलंय त्यांच्याकडेच करा. दुसरं विचारायचं ते माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीबद्दल, ते हाड आणि तिथल्या नसा किती तयार झाल्यात यावरही पुढचा ताबा अवलंबून असतो.

हे मागून, बरोबर मधल्या रेषेवर उघडून, दोन्ही बाजूंचे स्नायू डोळ्यांनी बघत करायचं तंत्र मेक्सिकोचे सर्जन अल्बर्टो पेन्या यांनी १९८० मध्ये वापरायला सुरुवात केली आणि १९८२ मध्ये डी व्रीस यांच्यासोबत प्रसिद्ध केलं. त्याआधी स्नायू नीट दिसतच नसत, अंदाजाने आतडं खाली ओढावं लागे. आज आपल्याकडची मुलं जे ऑपरेशन करून घेतात ते याच पद्धतीवर आधारलेलं आहे.

एका गोष्टीवर ठाम राहा. फक्त शीची जागा करून देतो, बाकीचं मोठेपणी बघू असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. शीचा मार्ग वेगळा करून शू आणि योनी तशीच ठेवली तर पुढे त्याच जागेत पुन्हा शिरावं लागतं आणि दुसऱ्यांदाचं ऑपरेशन कायम जास्त अवघड असतं.

ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी डायलेशन सुरू होतं, म्हणजे नवीन शीची जागा आकसू नये म्हणून ती हळूहळू रुंद करणं, त्यासाठी स्टीलच्या गोल कांड्या असतात, त्यांचा नंबर म्हणजे मिलीमीटरमधली जाडी, ४ ते ८ महिन्यांच्या बाळाला १३ नंबरपर्यंत आणि ८ ते १२ महिन्यांच्या बाळाला १४ पर्यंत जायचं असतं. घरी दिवसातून दोनदा आईनेच करायचं, भरपूर जेली लावून, न थांबता न ढकलता. पहिल्यांदा हात थरथरतात, म्हणून वॉर्डात सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने करून बघितल्याशिवाय घरी जाऊ नका. काही सर्जन आता सरसकट डायलेशन देत नाहीत, तुमचे सर्जन सांगतील तसं करा. ठरलेला नंबर आला की कोलोस्टॉमी बंद करतात आणि मग दिवसातून पंधरा-वीस वेळा शी होऊन बुड भाजल्यासारखं लाल होतं, तर बंद करायच्या दिवसापासूनच झिंक ऑक्साईड लावा, लाल व्हायची वाट बघू नका.

शी-शूची शिस्त

तीन वर्षांची झाली आणि अजून चड्डी खराब होते म्हणून मुलीला मारू नका, ओरडू नका. तिला जाणीवच कमी असू शकते. बद्धकोष्ठता हा सगळ्यात मोठा शत्रू आहे, आतडं शीने भरून फुगलं की बाजूने पातळ शी गळत राहते आणि घरच्यांना वाटतं जुलाब झालेत, मग जुलाब थांबवायचं औषध देतात आणि अजून बिघडतं. पोटाचा एक्सरे काढला की कळतं. ज्यांना ताबा येणार नाही त्यांच्यासाठी रोज ठराविक वेळी मिठाच्या पाण्याचा एनिमा देऊन आतडं रिकामं करायचं, म्हणजे पुढचे २४ तास मुलगी कोरडी राहते आणि शाळेत जाते. प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. मेडिकलमधून तयार एनिमा स्वतःहून आणू नका, त्यातला फॉस्फेट किडनी कमजोर असलेल्या मुलीला घातक ठरू शकतो. मोठी झाल्यावर अपेंडिक्सची वाट पोटावर बेंबीजवळ काढून तिथून स्वतःचं स्वतः पाणी सोडता येतं, मुलींना हे फार आवडतं कारण आईवर अवलंबून राहावं लागत नाही.

लघवी पूर्ण होत नसेल तर दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, काढायला शिकवतात. शाळेतल्या एका बाईंना विश्वासात घ्या आणि मुलीला वेगळं बाथरूम वापरायची परवानगी मागून घ्या. किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी) डॉक्टर सांगतील तेव्हा, मुलगी ठणठणीत दिसत असली तरी, चुकवू नका.

वयात येताना

इथे खूप जणी हातातून सुटतात, कारण ऑपरेशन होऊन दहा वर्षं झालेली असतात आणि घरच्यांनी विषय मिटवलेला असतो. छाती वाढायला लागली की सहा-नऊ महिन्यांत पोटाची सोनोग्राफी करा. दर महिन्याला पोट दुखतंय पण पाळी दिसत नाही, किंवा पाळी येते तरी एका बाजूला दुखतंच, तर दोनपैकी एका बाजूचं रक्त आत अडकलेलं असू शकतं. हे अपेंडिक्स समजून उघडलं आणि गर्भपिशवीच काढून टाकली असं व्हायला नको, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी जुनी फाईल आधी दाखवा.

मुलीला तिच्या शरीराबद्दल खरं सांगा, वयाला समजेल तसं थोडं थोडं, बारा-तेराव्या वर्षापर्यंत सगळं. लग्न ठरवताना तिच्या वतीने काही लपवायचं किंवा सांगायचं हे घरच्यांनी परस्पर ठरवू नये, ते तिने ठरवायचं. योनीचं तोंड अरुंद असेल तर त्याची दुरुस्ती ती तयार झाल्यावर होते. गरोदर राहता येतं, काही जणी राहतातही, पण बाळंतपण सिझेरियननेच करायला सांगतात आणि ते करताना सर्जन किंवा युरॉलॉजिस्ट सोबत असावा लागतो कारण आतली रचना वेगळी असते.

पैशांचं आणि कागदांचं

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत, दोन्हींबद्दल हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, ऑपरेशन झाल्यावर नाही, कारण मंजुरी आधी लागते. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला हे लागतंच, जन्मदाखल्यासाठी बाबांनी लगेच पळायचं. फाईलमध्ये पहिल्या पानावर हे लिहून ठेवा: सामाईक नळी किती सेंटीमीटर, किडन्या किती आणि कशा, त्रिकास्थी कसं, मज्जारज्जू कसा, गर्भपिशव्या किती, प्रत्येक ऑपरेशनची तारीख आणि सर्जनचं नाव. ऑपरेशन नोटची झेरॉक्स मागून घ्या आणि सगळ्याचा फोटो काढून दोन मोबाईलमध्ये ठेवा, कारण हॉस्पिटल बदलतं, सर्जन रिटायर होतात, घर बदलताना कागद हरवतात, आणि वीस वर्षांनी तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हीच माहिती लागणार असते.